उन्हाळ कांदा टिकवायचा कसा: रोपापासून चाळ फोडेपर्यंत

एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ, म्हणजे रब्बी हंगामाचा कांदा देशाला दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो. एकूण उत्पादनात रब्बीचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे आणि साठवण्यालायक म्हणावा असा हाच एक कांदा. खरिपाच्या लाल कांद्याची साल पातळ आणि मान (कांदा आणि पात यांना जोडणारा भाग) ओलसर, तो महिना-दीड महिन्यात उरकावाच लागतो. रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा थोडा बरा, पण त्याच्यावरही पावसाळ्याची भिस्त ठेवता येत नाही.

साध्या साठवणुकीत चार-पाच महिन्यांत ४० टक्क्यांपर्यंत माल जातो. सप्टेंबरात चाळ (कांदा साठवायची हवेशीर कोठी) फोडली, निम्मा कांदा काळा निघाला की दोष चाळीला आणि पावसाला दिला जातो. प्रत्यक्षात त्यातला बराच कांदा चाळीत शिरतानाच गेलेला असतो. उशिरा टाकलेला युरिया, काढणीच्या तोंडावर दिलेलं पाणी, घाईने कापलेली पात: या तीन गोष्टी सुधारल्या नाहीत तर कितीही खर्चाची चाळ बांधा, फरक पडत नाही. म्हणून सुरुवात वावरापासून.

वाण आणि रोप

साठवायचाच असेल तर वाण त्यासाठीचा घ्या: एन-२-४-१, राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण आणि भीमा शक्ती, किंवा अॅग्रीफाउंड लाईट रेड. भीमा सुपर, बसवंत ७८० हे खरिपाचे वाण. रंगाला भुलून ते रब्बीत लावून चाळीत भरले तर टिकणार नाहीत. घरचं बी धरत असाल तर निदान त्यासाठीचे कांदे चाळीत ऑक्टोबरपर्यंत टिकलेल्यांतून निवडा, काढणीच्या वेळच्या ढिगातून नव्हे.

एकरी ३ ते ४ किलो बी आणि साधारण २ गुंठ्यांची रोपवाटिका लागते. बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकायचं, गादीवाफ्यावर, ओळीत. रोप ५० ते ५५ दिवसांचं झालं की लागवड, अंतर १५ बाय १० सेंटिमीटर. पेन्सिलीपेक्षा जाड मानेचं रोप बाजूला टाका. थंडी सापडली की अशाच रोपांना डेंगळे (फुलाचे दांडे) येतात, आणि डेंगळ्याच्या कांद्याला मधून पोकळ दांडा असल्यामुळे तो आतून सडतो. रोप कमी पडतंय म्हणून विरळ-दाट लावलं की विरळ जागी कांदा अवाढव्य पोसतो आणि जोड (एकात दोन) कांदे निघतात. दोन्ही साठवणीला नालायक.

खत: युरिया कधी थांबवायचा

रब्बी कांद्याला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश ही शिफारस सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे एकरी ४०, २०, २०. सोबत गंधक, माती परीक्षणाप्रमाणे एकरी १२ ते २० किलो. स्फुरद, पालाश, गंधक सगळं आणि नत्राचा तिसरा हिस्सा लागवडीच्या वेळी, उरलेलं नत्र ३० आणि ४५ दिवसांनी. एकरी ४० किलो नत्र म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या दोन गोण्यांनाही थोडं कमी. डीएपी किंवा मिश्रखतातून जे नत्र गेलं ते यातून वजा करायचं असतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

साठ दिवसांनंतर नत्राचा कणही नको. कांदा पोसायच्या टप्प्यावर युरिया पडला की पात पुन्हा हिरवीगार होते, कांदा थोडा मोठा दिसतो, पण मान जाड राहते. जाड मान वाळताना नीट मिटत नाही आणि बुरशी नेमकी तिथूनच आत उतरते. पिकावर करपा किंवा फुलकिडे जास्त झाले तरी उलट्या वाटेने हेच होतं: पात वेळेआधी जळते, मान पडत नाही, साल पोसत नाही. फेब्रुवारी-मार्चमधली पानं निरोगी ठेवणं ही साठवणुकीचीच तयारी समजा.

शेवटचं पाणी आणि काढणी

काढणीच्या साधारण १५ दिवस आधी पाणी तोडा. हलक्या जमिनीत १० ते १२ दिवस पुरतात, भारी काळ्या रानात २० दिवस धरा. वजन वाढेल या आशेने शेवटी एक पाणी जास्त दिलं जातं. वजन वाढतं खरं, पण ते पाण्याचं. वरचे पापुद्रे फुटतात, मुळ्या परत पांढऱ्या होतात, आणि ते वाढलेलं वजन चाळीत पहिल्या महिन्यातच उडून जातं.

वावरातल्या निम्म्या माना पडल्या की काढणीला लागा. सगळ्या माना पडायची वाट पाहिली तर कांदा तापलेल्या मातीत भाजतो आणि सालं गळतात. फार लवकर काढला तर माना हिरव्या. काही जण पातीवरून ड्रम फिरवून माना मुद्दाम पाडतात. तो मोडलेला भाग मिटत नाही, कुजतो. कांदा हाताने उपटा. जमीन कडक असेल तर खुरप्याने सैल करा, आणि खुरपं लागलेला कांदा त्याच वेळी वेगळ्या पाटीत टाका. नंतर ढिगातून शोधून काढू, हे कधीच होत नाही.

वाळवणे: दोन टप्पे

पहिला टप्पा वावरातच, पातीसकट, ३ ते ५ दिवस. कांदे ओळीत असे मांडायचे की मागच्या ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यांवर येईल. उघड्या कांद्याला एप्रिलच्या दुपारी चटका बसतो. ती बाजू पांढरट, मऊ पडते, आठवड्यात तिथे खड्डा होतो आणि सड सुरू. या दिवसांत पातीतला रस कांद्यात उतरत असतो, त्यामुळे हिरवी पात कापण्याची घाई नको.

पात कापायची तर कांद्यापासून अडीच ते तीन सेंटिमीटर मान ठेवून, शक्यतो मानेला पीळ देऊन. मजूर कापणी उक्ती घेतात, वेग वाढला की मान अगदी कांद्याला लागून कापली जाते. कांदा डोळ्याला स्वच्छ दिसतो, पण त्याचं तोंड उघडं राहतं. उक्तं देतानाच मानेची लांबी ठरवून सांगा आणि पहिल्या तासाभरात दोन-चार पाट्या स्वतः पाहा.

दुसरा टप्पा सावलीत, १० ते १२ दिवस. झाडाखाली, शेडमध्ये किंवा शेडनेटखाली, ढीग गुडघ्याच्या वर नको. वाळला की नाही हे रंगावरून ठरवू नका. मान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. आतले थर एकमेकांवर सरकत असतील, ओलसर लागत असेल, तर अजून वाळायचाय. मान कागदासारखी कुरकुरली, मुळ्या चुरगळताना तुटल्या आणि वरचा पापुद्रा सळसळला, म्हणजे चाळीला तयार.

अवकाळीने गाठलं तर? कांदा वावरात असताना भिजला तर त्यावर प्लास्टिक अंथरून ठेवू नका. ऊन पडताच आत वाफ धरते आणि नुसत्या पावसाने झालं नसतं एवढं नुकसान त्या वाफेने होतं. पाऊस थांबला की झाकण काढा, ओळी उलट्या करा, वारा लागू द्या, सावलीतले दिवस वाढवा. दोनदा भिजलेला माल मात्र साठवू नका, मिळेल त्या भावाने लगेच काढा. हा निर्णय एप्रिलमध्ये जड जातो, कारण तेव्हाच भाव पडलेले असतात. पण तो माल चांगल्या कांद्यात मिसळून भरला की नुकसान दुप्पट होतं.

चाळीत काय जाऊ द्यायचं

साठवणीला मध्यम कांदा उत्तम, साधारण साडेचार ते साडेसात सेंटिमीटर जाडीचा. त्याहून मोठा लवकर सडतो आणि लवकर कोंब काढतो. गोल्टी आणि चिंगळी (लहान आणि अगदी बारीक कांदे) टिकतात बऱ्या, पण मोठ्या कांद्यांमधल्या फटी बुजवतात आणि हवा अडते. ठेवायचीच तर वेगळ्या कप्प्यात. जोड, डेंगळे, जाड मानेचे, चटका लागलेले, कापलेले, साल निघालेले: हे सगळे बाहेर. शंभर क्विंटलमधून १५-२० क्विंटल असे निघाले तर वाईट वाटून घेऊ नका. ते एप्रिलमध्ये काहीतरी देतील, सप्टेंबरमध्ये शेजारच्यालाही घेऊन जातील.

चाळ: मापं आणि त्यामागचं कारण

पाखी म्हणजे चाळीतली कांद्याच्या कप्प्याची एक रांग. २५ टनांच्या दोन पाखी चाळीची मापं अशी: लांबी १२ मीटर, प्रत्येक कप्प्याची रुंदी १.२ मीटर म्हणजे ४ फूट, दोन कप्प्यांच्या मध्ये दीड मीटर मोकळी वाट, एकूण रुंदी ३.९ मीटर. कांद्याचा थर ५ फुटांपर्यंत. हिशेब पडताळून पाहा: १२ गुणिले १.२ गुणिले १.५ म्हणजे एका पाखीत २१.६ घनमीटर. एका घनमीटरात साधारण ५५० ते ६०० किलो कांदा मावतो, म्हणजे पाखीला १२-१३ टन. एकरी १०० ते १२० क्विंटल निघत असतील तर निवड करून उरलेल्या मालाला एकराला एक पाखी पुरते.

या मापांत सर्वांत जास्त छेडछाड होते ती ४ फुटांशी. पत्रा तेवढाच लागतो मग जागा का सोडा, म्हणून कप्पा सहा-सात फूट रुंद केला जातो. ढिगात हवा बाजूने फार तर दोन फूट आत शिरते, मधला पट्टा गुदमरतो, तापतो, आणि सड नेमकी तिथून सुरू होते. बाहेरून चाळ छान दिसते, फोडल्यावर मध्यभागी काळा गाभा. रुंद चाळ आधीच बांधलेली असेल तर मध्ये भोकं पाडलेले पाइप किंवा बांबूच्या पोकळ जाळ्या उभ्या करून हवेची वाट करा. उंचीचंही तेच. ५ फुटांच्या वर गेलात की खालचा कांदा दबतो, आणि दबलेल्या कांद्याला मार लागलेल्या कांद्यासारखीच सड लागते.

दिशा: एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, म्हणजे पश्चिमेचा वारा रुंद बाजूने आरपार जातो. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम, म्हणजे दुपारचं ऊन लांब बाजूवर न पडता आखूड टोकावर पडतं. जागा उंच, पाणी न साचणारी, वारा अडवणाऱ्या भिंती आणि दाट झाडांपासून दूर.

तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट वर. खांबांवर लाकडी किंवा बांबूच्या पट्ट्या, मध्ये कांदा गळणार नाही इतक्याच फटी. खालची जमीन मुरूम-वाळूची. हा तळ म्हणजे चाळीचं निम्मं काम आहे: गरम हवा वर जाते, तिच्या जागी खालून थंड हवा येते. त्यामुळे तळाखाली सरपण, ठिबकच्या नळ्या, रिकाम्या गोण्या कोंबून ठेवू नका. छताला मंगलोरी कौलं किंवा सिमेंटचा पत्रा. लोखंडी पत्रा मे महिन्यात वरचा थर अक्षरशः शिजवतो. तो असेलच तर वर उसाचं पाचट टाका किंवा चुना मारा. पागोळ्या भिंतीपासून किमान तीन फूट पुढे.

कांदा चाळीला अनुदान आहे, अर्ज महाडीबीटी पोर्टलवर. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी, आराखडा मंजूर मापाचाच हवा, आणि पूर्वसंमती मिळण्याआधी बांधकाम सुरू केलं तर अनुदान हातचं जातं. दर आणि क्षमतेच्या मर्यादा बदलत असतात. त्या वर्षीचे निकष सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहाय्यक) लेखी पाहून मगच विटा आणा.

भरताना

जुन्या कांद्याच्या साली, माती, गेल्या वर्षीची काळी भुकटी झाडून जाळा. रिकाम्या चाळीवर बुरशीनाशक फवारून पूर्ण वाळू द्या. कांद्यावर कीटकनाशकाची भुकटी टाकायची पद्धत काही ठिकाणी आहे. सड बुरशीने आणि जिवाणूंनी होते, किडीच्या भुकटीने ती थांबत नाही आणि तो कांदा माणसांच्या ताटात जाणार आहे.

ट्रॉली थेट चाळीत ओतू नका. पाट्यांनी, कमी उंचीवरून, एका टोकापासून भरत या. ढिगावर चढून पायाने सपाट करणं हा प्रकार तर बंदच. दर ८-१० फुटांवर बांबूचा आडोसा घालून कप्पे पाडले तर पुढे एकाच कप्प्यात सड आली तर तेवढाच रिकामा करता येतो. वेगवेगळ्या वावरांचा, वेगळ्या दिवशी काढलेला माल वेगळ्या कप्प्यात, आणि कप्प्यावर खडूने तारीख. एकदाच भिजलेला किंवा जाड मानेची शंका असलेला लॉट वाटेजवळच्या कप्प्यात, म्हणजे आधी निघेल.

पाच महिन्यांत तीन वेगळे त्रास

जूनच्या मध्यापर्यंत त्रास उष्णतेचा. कांदा सडत नाही, वाळतो, वजन घटतं. पश्चिमेच्या बाजूला शेडनेट किंवा ओलसर नसलेला बारदान लावा, रात्री उघडा.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत दमटपणा. उघड्या चाळीत कांद्याला मानवणारी हवा २५ ते ३० अंश आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के. पावसाळ्यात तापमान जवळपास जुळतं, आर्द्रता मात्र खूप वर जाते. काळी बुरशी याच दिवसांत पसरते. मऊ कूज आली की घाणेरडा वास सुटतो आणि एका कांद्याचा रस खालच्या दहा कांद्यांवर ओघळतो. ताडपत्री फक्त तिरका पाऊस येत असेल तेवढ्यापुरती सोडा आणि पाऊस थांबताच गुंडाळा. चार दिवस बंद राहिलेली चाळ उघडी राहून थोडी भिजलेल्या चाळीपेक्षा जास्त माल खाते.

ऑक्टोबरपासून कोंब. रात्री थंड व्हायला लागल्या की कांद्याची झोप उडते. १० ते २० अंशांत कोंब सर्वांत जोरात येतात. म्हणूनच अर्धवट थंड खोली कांद्याला सर्वांत वाईट: एकतर उघड्या चाळीचे २५-३० अंश, नाहीतर शीतगृहाचे ० ते २ अंश. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये उभारलेल्या केंद्रात विकिरणाने कोंब थांबवले जातात, पण ते काम काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावं लागतं, आणि सड किंवा वजनघट त्याने थांबत नाही.

आठवड्यातून एकदा तळाखाली वाकून पाहा. ओले डाग, चिलटं, आंबूस वास यांतलं काहीही दिसलं तर त्याच्या बरोबर वरचा कप्पा फोडा. वास आला नसेल तर मात्र ढीग उगाच खालीवर करू नका, प्रत्येक हाताळणीत साल जाते. भरतानाच १० किलो कांदा मोजून जाळीच्या पिशवीत, बाजूच्या पट्टीजवळ हात पोचेल असा ठेवा. प्रत्येक पाखीत अशा तीन पिशव्या. दर १५ दिवसांनी वजन करा आणि सुटा सडका कांदा वेगळा मोजा. सप्टेंबरनंतर चार-पाच कांदे उभे चिरून आतला हिरवा अंकुर बघा. तो कांद्याच्या निम्म्या उंचीवर आला असेल तर तो लॉट थांबवू नका. बाहेर कोंब दिसेपर्यंत वाट पाहिलीत तर व्यापारी तुमच्या आधी पाहतो.

थांबायचं किती, याचा हिशेब

पिशव्यांचं वजन इथे उपयोगी पडतं. घट १५ टक्के असेल तर नुसतं मेच्या बरोबरीला यायला भाव १.१८ पट हवा. घट २५ टक्के असेल तर १.३३ पट, ४० टक्के असेल तर १.६७ पट. उदाहरणार्थ, मेमध्ये क्विंटलला १२०० रुपये मिळत होते आणि ऑगस्टमध्ये पिशवीत १० किलोचे साडेसात किलो उरले, तर १६०० रुपयांखाली विकलेला प्रत्येक क्विंटल तोट्याचा आहे. त्यावर निवडणीची मजुरी, बारदान, चाळीचा घसारा आणि कर्जावरचं व्याज.

भावाची बाजू शेतकऱ्याच्या हातात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबर २०२३ पासून मे २०२४ पर्यंत निर्यातबंदी होती, शुल्क पूर्णपणे हटलं ते १ एप्रिल २०२५ ला. चाळ भरलेली असताना असा निर्णय आला की सगळा हिशेब एका दिवसात उलटतो. त्यामुळे सगळा माल एकाच महिन्यासाठी धरू नये: काढणीला निवडून काढलेला माल, जुलै-ऑगस्टमध्ये शंकेचे कप्पे, आणि खरोखर कणखर माल सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने. दिवाळीनंतर नवा लाल कांदा येतो आणि चाळीतल्या कांद्याला विचारत नाही कोणी.

लिलावाला नेताना गोल्टी, कोंब आलेला आणि खाद (खराब, डागी माल) वेगवेगळं. ट्रॉलीच्या वरच्या थरात चार काळे कांदे दिसले की बोली संपूर्ण ट्रॉलीची पडते.

सडलेल्याचं काय

सडका कांदा बांधावर किंवा पुढच्या कांद्याच्या वावरात फेकू नका, तळकुजीची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते. कांद्यात ८६ ते ८८ टक्के पाणी असतं, त्यामुळे नुसता ढीग केला तर खत होत नाही, चिखल आणि माश्या होतात. खड्ड्यात अर्धा फूट कांदा, त्यावर तेवढंच पाचट किंवा भुसा, मग शेणकाला, असे थर द्या आणि वर मातीने झाका. ते खत कांदा-लसणाऐवजी उसाला, मक्याला वापरा.

जनावरांना घालताना जपून. फक्त निरोगी, कोंब आलेला किंवा लहान कांदा, चिरून, इतर चाऱ्यात मिसळून, आणि रोजच्या एकूण कोरड्या चाऱ्याच्या पाव हिश्शाच्या बराच खाली. कांद्यातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी गाई-म्हशींच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लघवी गडद लाल-तपकिरी दिसली, जनावर धापा टाकू लागलं किंवा डोळ्यांची कड पांढरी पडली तर कांदा तत्काळ बंद करून डॉक्टरांना बोलवा. गाभण जनावराला आणि बुरशी आलेला कांदा कोणालाच घालू नका.